घेतलं त्याच्या दुप्पट

(स्मृतिव्याख्यानाचं मुद्रित रूप)



मृग तोंडावर आला की अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई सोमा पोपेरे यांच्याकडे लोक बी मागायला येतात. कुणाला वाल हवा असतो, कुणाला नाचणी, कुणाला काळभात. बी मिळतं, पण एका अटीवर. पीक निघालं की जेवढं नेलं त्याच्या दुप्पट बी परत आणून द्यायचं.

आजचं व्याख्यान या एका अटीबद्दल आहे.

बियाची उसनवारी मराठी मुलखाला नवी नाही. पेरणीच्या तोंडावर कणगी रिकामी झालेला कुणबी सावकाराच्या दारात जाई आणि सवाईनं किंवा दिढीनं धान्य उचलून आणी. नेलेल्या एका पायलीची मार्गशीर्षात सव्वा किंवा दीड पायली द्यावी लागे. शिवाय ज्येष्ठात धान्य महाग आणि सुगीत स्वस्त, त्यामुळे पैशात हिशेब केला की व्याज आणखी चढे. त्या कर्जानं कित्येक घरं बुडाली. कोंभाळण्यातली अट आकड्यांनी पाहिली तर सावकाराहून कडक आहे, कारण इथे दीडपट नव्हे तर दुप्पट द्यावं लागतं. तरीही ती कुणाला जड जात नाही. याचं एक कारण नेलेल्या बियाच्या मापात आहे. बी नेलं जातं ते मूठभर, पसाभर किंवा एखादं मापटं. भाताच्या एका लोंबीत शे-दोनशे दाणे सहज असतात, तेव्हा मुठीच्या दोन मुठी करून देताना कुणाच्या घरातली चूल थंड होत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. सावकाराकडे गेलेली वाढ त्याच्या बळदात पडून राही. इथे परत आलेल्या दोन मुठी पुढच्या मृगाला आणखी दोन घरांत जातात. ऋण एकाचं घ्यायचं आणि फेडायचं तिसऱ्याच्या रानात, असा हा व्यवहार आहे.

राहीबाईंचा जन्म १९६४ सालचा, महादेव कोळी समाजातला. शाळेची पायरी त्या चढल्या नाहीत. बी ओळखणं, निवडणं आणि जपणं त्या घरच्या जाणत्या माणसांकडून शिकल्या. नातू सारखा आजारी पडू लागला, तेव्हा बदललेल्या अन्नाकडे आपलं लक्ष गेलं, असं त्या सांगतात. संकरित बी आणि त्यामागून येणारी औषधं बाजूला सारून त्यांनी गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून जुनं बी मागून आणायला सुरुवात केली. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे स्थापन केलेली ‘बायफ’ ही संस्था अकोले तालुक्यात काम करत होती. तिच्या साथीनं या घरगुती छंदाला बियाणे बँकेचं रूप आलं आणि कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती उभी राहिली. सुरुवातीच्या वृत्तांतांत १७ पिकांचे ४३ वाण असा त्यांच्या संग्रहाचा आकडा छापून येत असे. पुढे तो शंभराच्या वर गेला. डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटलं. २०१८ साली बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

पुरस्कारांमुळे राहीबाई महाराष्ट्राला माहीत झाल्या हे चांगलंच झालं. मात्र त्यांच्या हातातली विद्या त्यांच्या एकटीची नाही. दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत ती घराघरांत होती आणि मुख्यतः बायकांच्या हाती होती. बी ठरायचं ते उभ्या पिकात. कापणीआधी रानातून फिरून टपोरी, निरोगी, सारख्या वेळी पिकलेली कणसं हेरायची आणि ती वेगळी काढायची. खळ्यावर मळणी झाली की सगळे दाणे एकमेकांत मिसळतात, मग कुठला दाणा कुठल्या ताटाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. निवडलेली मक्याची कणसं चुलीवरच्या आढ्याला टांगत, म्हणजे धुरानं कीड दूर राही. कडधान्यांचं बी राख घालून मडक्यात ठेवत. राख ओल शोषते आणि दाण्यांमधल्या फटी भरून भुंग्याला हिंडू-फिरू देत नाही. दुधी भोपळा वेलावरच वाळू देत आणि बी त्याच्या पोटातच राहू देत. ज्या उतरंडीला हात लावायची लेकरांना मनाई असे, तिच्यातल्या एखाद्या मडक्यात पुढच्या वर्षीचं शेत झोपलेलं असे.

बीजशास्त्र आज हेच सूत्ररूपानं सांगतं. बियातला ओलावा एक टक्क्यानं उतरला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं तरी साधारण तेवढाच फरक पडतो. गारव्याची सोय नसलेल्या घरानं कोरडेपणावर भर दिला. म्हणूनच उन्हं देणं, राख घालणं आणि कणगी शेणामातीनं लिंपणं हे तिन्ही उपाय शेवटी ओलीशीच झगडतात.

ही उतरंड रिकामी कशी झाली, तेही न्यायानं सांगायला हवं. ज्वारीचा सीएसएच-१ हा संकरित वाण १९६४ साली प्रसारित झाला आणि थोड्याच वर्षांत ‘हायब्रीड’ हे इंग्रजी विशेषण महाराष्ट्राच्या खेड्यात चक्क एका धान्याचं नाव बनलं. लोक हायब्रीडची भाकरी म्हणू लागले. त्या भाकरीला चव नाही अशी कुरकुर झाली, कडबा आखूड निघतो म्हणून जनावरांचे हाल झाले. पण पोटं भरली. सत्तरच्या दशकातला दुष्काळ पाहिलेल्या माणसापुढे संकरित बियाला नुसती नावं ठेवणं बरं दिसत नाही. नुकसान झालं ते वेगळ्या जागी. संकरित पिकाचे दाणे पुन्हा पेरले तर आई-बापाचे गुण फुटून विखुरतात आणि रान एकसारखं राहत नाही. म्हणून दरवर्षी नवी पिशवी विकत घेणं आलं. पिशवी घरी आली तसं मडकं माळ्यावर गेलं. मडकं दोन-तीन पावसाळे उघडलं गेलं नाही आणि आतलं बी मेलं. घरात नुसतं ठेवलेलं बी फार वर्षं टिकत नाही. कांद्याचं बी तर एक-दोन वर्षांतच उगवण सोडतं.

एखादा वाण गेला तर नेमकं काय जातं, ते गोव्यात खाजनाच्या काठावर उभं राहिलं की दिसतं. भरतीचं पाणी अडवण्यासाठी बांध घालून मिळवलेल्या त्या शेतांत कोरगुट नावाचा भात पेरला जातो. बांध फुटला, खारं पाणी आत आलं, तरी कोरगुट तग धरतो. जास्त उतार देणारे दुसरे भात आहेत, पण त्या मिठात उभं राहण्याची धमक त्यांच्यात नाही. मे २००९ मध्ये आयला चक्रीवादळानं सुंदरबनातल्या शेतांत समुद्र आणला, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांना खारं पाणी सोसणारा भात हवा होता आणि गावांत तो उरलेला नव्हता. डॉ. देबल देब यांनी १९९७ साली सुरू केलेल्या ‘व्रीही’ या बीजकोशात तसे जुने वाण होते, तिथून ते शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. देब यांचा संग्रह आज ओडिशातल्या रायगडा जिल्ह्यात आहे. हजाराहून जास्त देशी भात तिथे दरवर्षी नेमानं पेरले जातात. मडक्यात ठेवून ते टिकणार नाहीत, याची देब यांना पक्की जाणीव आहे.

सरकारं आणि शास्त्रज्ञ बी जपत नाहीत असं मुळीच नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या शीतगृहात चार लाखांहून अधिक नमुने उणे १८ अंशांत ठेवलेले आहेत. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात गोठलेल्या डोंगरात २००८ साली उघडलेली तिजोरी जगभरच्या बियांची दुसरी प्रत सांभाळते. सीरियातल्या यादवीत अलेप्पोजवळचा बीजसंग्रह हाताबाहेर गेला, तेव्हा २०१५ साली त्याच तिजोरीतून पेट्या बाहेर काढाव्या लागल्या आणि लेबनॉन व मोरोक्कोत ते बी पुन्हा वाढवण्यात आलं. याच कामासाठी माणसांनी प्राणही दिले आहेत. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांनी जगभर फिरून लेनिनग्राडमध्ये बियांचं भांडार उभारलं. ते स्वतः १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात वारले. नाझी सैन्यानं शहराला घातलेल्या वेढ्यात त्यांचे सहकारी ते भांडार राखत बसले. त्यांपैकी तांदळाचे अभ्यासक दिमित्री इव्हानोव्ह उपासमारीनं गेले, तेव्हा त्यांच्या भोवती तांदळाची हजारो पाकिटं होती. त्यांतलं एकही त्यांनी फोडलं नव्हतं.

या भांडारांचं ऋण मान्य करूनही एक गोष्ट उरते. शीतगृहातलं बी झोपलेलं असतं. १९८० साली आत गेलेला दाणा २०२५ साली बाहेर आला, तर मधल्या ४५ वर्षांचं ऊन त्यानं पाहिलेलं नसतं, उशिरा येऊन मध्येच दडी मारणारा आजचा पाऊस त्याच्या अनुभवात नसतो. कोंभाळण्यातून गेलेला आणि दुप्पट होऊन परत आलेला वाल मात्र एक पावसाळा जगून आलेला असतो. त्या पावसात जी झाडं कोलमडली त्यांचं बी परत आलेलं नाही. जी टिकली त्यांचं आलं. वाचनालयातून नेलेलं पुस्तक होतं तसंच परत येतं. बियाच्या वाचनालयात परत येणारी प्रत थोडी सुधारलेली असते, आणि ती सुधारणा करणारा वाचक म्हणजे नेणारा शेतकरी.

तेलंगणातल्या जहिराबादजवळच्या पस्तापूर गावी हा व्यवहार सणासारखा साजरा होतो. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीनं १९८३ पासून तिथल्या गरीब, बहुतांशी दलित बायकांचे संघम उभे केले. कोरडवाहू जमिनीच्या तुकड्यात ज्वारी, बाजरी, राळा, तूर, वाल, जवस अशी डझनावारी पिकं एकत्र घेणाऱ्या या बायकांनी आपापल्या गावात बियांचे साठे केले. नेलेल्याच्या दुप्पट द्यायचं, ही अट त्यांनीही घातली. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास बैलगाड्या सजतात, गाड्यांवर बियांनी भरलेली मडकी मांडली जातात आणि हा ताफा महिनाभर गावोगाव फिरतो. तेलुगूत त्याला ‘पात पंटल जातर’ म्हणतात, म्हणजे जुन्या पिकांची जत्रा. २०१९ साली या संघमांना संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. महाराष्ट्राची सीमा तिथून फार लांब नाही, आणि रानातली पिकंही जवळपास आपलीच आहेत.

बियाच्या वाचनालयाची कल्पना खरोखरीच्या वाचनालयात शिरली ती अमेरिकेत. कॅलिफोर्नियातल्या रिचमंड शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात २०१० साली बियांचे खण उघडले गेले. सभासदानं पाकीट न्यायचं, परसात पेरायचं, हंगाम संपला की आपल्या झाडाचं थोडं बी आणून खणात ठेवायचं. ही चाल शेकडो ग्रंथालयांनी उचलली. २०१४ साली पेनसिल्व्हेनियातल्या मेकॅनिक्सबर्गच्या ग्रंथालयाला राज्याच्या कृषिखात्यानं कळवलं की बियाणे कायद्याप्रमाणे असं वाटप नियमात बसत नाही. बी विकणाऱ्या कंपनीसाठी केलेले नियम परसातल्या टोमॅटोला लावले गेले होते. त्यावर चर्चा झाली आणि मिनेसोटा, नेब्रास्का, कॅलिफोर्निया अशा राज्यांनी पुढे कायदे दुरुस्त करून बियांच्या देवघेवीला मोकळीक दिली.

भारतातल्या शेतकऱ्याला ही मोकळीक कायद्यानंच दिलेली आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. वनस्पतींचे वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा २००१ सालचा. त्याच्या ३९व्या कलमानुसार शेतकरी आपलं बी ठेवू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो, वाटू शकतो आणि विकूही शकतो. मनाई आहे ती एकाच गोष्टीला: संरक्षित वाणाचं बी कंपनीसारखा शिक्का मारून विकता येत नाही. २०१९ साली गुजरातमधल्या काही बटाटा उत्पादकांवर पेप्सिकोनं प्रत्येकी एक कोटीहून अधिक रुपयांच्या भरपाईचे दावे लावले, तेव्हा देशभरातल्या शेतकरी संघटनांनी याच कलमाकडे बोट दाखवलं. कंपनीनं ते दावे मागे घेतले.

स्मृतिव्याख्यानात एका माणसाची आठवण काढायलाच हवी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं छोटं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी. १९८३ साली ‘पटेल-३’ जातीच्या भातात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. काही वर्षांत बारीक दाण्याचा, चवदार, भरघोस उतार देणारा भात स्थिरावला. नव्वदच्या सुमारास तो बाजारात आला तेव्हा त्याला नाव नव्हतं. त्या काळी मनगटावर मिरवायच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव व्यापाऱ्यांनी त्याला देऊन टाकलं: एचएमटी. हा भात विदर्भ ओलांडून इतर राज्यांत पसरला. पुढे कृषी विद्यापीठानं ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावानं वाण प्रसारित केला. दादाजींनी आणखीही वाण काढले. २००५ साली त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. तरी ३ जून २०१८ रोजी ते गेले ते ओढाताणीच्या संसारातूनच. लाखो ताटांत त्यांचा भात होता आणि जेवणाऱ्याला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं.

त्यांचं बी हातोहात गेलं, मूठ-मूठ करून गेलं, हीच तर बियाची जुनी रीत. पण त्या प्रवासाची नोंद कुणी ठेवली नाही. बियाच्या वाचनालयात मडक्याइतकंच महत्त्व वहीला आहे ते यासाठी. बियाचं गावात रुळलेलं नाव, ते कुणाच्या रानातून आलं त्या बाईचं किंवा बाप्याचं नाव, कुठल्या साली निघालं, उगवण किती, कुणी नेलं, परत किती आलं, एवढे रकाने पुरतात. देवघेव मोकळी राहते आणि नावही हरवत नाही.

हे काम मनापासून करू पाहणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी सांभाळायला हव्यात. पहिली परागाची. भात, गहू, घेवडा, सोयाबीन, टोमॅटो ही मुख्यतः आपल्याच परागावर फळतात, त्यांचं बी नवशिक्यालाही शुद्ध राखता येतं. मका, बाजरी, काकडी, भोपळा यांना शेजारच्या रानातला पराग चालतो. ती पिकं दूर अंतरावर किंवा वेगळ्या वेळी घ्यावी लागतात, नाहीतर पुढच्या वर्षी भोपळ्याच्या नावाखाली भलतंच काहीतरी वेलावर लटकतं. दुसरी गोष्ट संकरित पाकिटाची: त्यातलं बी वाचनालयात घेऊ नये. तिसरी उगवणीची. सोयाबीनसाठी कृषिखातं दरवर्षी जी साधी चाचणी शिकवतं, तीच इथे लागू पडते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवडाभरात मोड मोजायचे. सोयाबीनचे ७० उगवले तर बी पेरणीजोगं. वाचनालयानं ही गुंडाळी केल्याशिवाय कुणाच्याही ओंजळीत बी घालू नये, कारण न उगवलेल्या बियानं शेतकऱ्याचा दाण्याबरोबर हंगामही जातो.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि शासनमान्य ग्रंथालयांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे. त्यांतली कितीतरी खेड्यांत आहेत: एक खोली, दोन कपाटं, वर्तमानपत्रांचं टेबल आणि उसनवारीची वही. देणं-घेणं लिहून ठेवायची शिस्त त्या खोलीत आधीपासूनच आहे. कपाटातला एक कोरडा खण, घट्ट झाकणाच्या वीस बरण्या, थोडी राख आणि एक वेगळी वही, एवढ्या सामानावर काम सुरू होतं. शहरातल्या वाचनालयालाही गच्चीवरच्या कुंडीत वाढणारा वाल आणि घेवडा चालतो.

पहिल्या वर्षी पाचच बियांची नावं असावीत. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारून ती ठरवावीत, कारण माळ्यावर काय उरलं आहे ते तिलाच ठाऊक असतं. मृगाआधी बरण्या उघडाव्यात, नेणाऱ्याची सही घ्यावी, समोर ‘परत’ असा रकाना कोरा सोडावा. मार्गशीर्षात, शेंगा वाळून खडखडायला लागल्या की ती वही पुन्हा टेबलावर काढावी आणि एकेका नावाला हाक मारावी.